पोरगं परत फिरलं, त्यात बिघडलं काय?

"सर, मी शिरोळ तालुक्यातला ऊसकरी. थोरला मुलगा वीस वर्षांचा, राज्यातल्याच एका फ्लाइंग स्कूलमध्ये कमर्शियल पायलटचं शिकतोय. दोन एकर बँकेकडं तारण पडलेत. गेल्या महिन्यात तो एकटा विमान घेऊन कोल्हापूरला येणार होता. आम्ही तीन गाड्या करून उजळाईवाडीच्या विमानतळावर गेलो, हार-पेढे घेऊन. दुपारी चारपर्यंत थांबलो. मग फोन आला, 'कराडच्या पुढं ढग होते, परत फिरलो.' आमच्या डोळ्यांदेखत मुंबईचं विमान उतरलं होतं, मग ह्याचंच काय अडलं? त्याच्या आधल्या आठवड्यात इंजिन बरोबर नाही म्हणून त्यानं विमान नाकारलं होतं. स्कूलवाले म्हणतात, मुलगा फार चिकित्सा करतो म्हणून तास मागं पडलेत. बरोबरीची पोरं पुढं गेली. पाव्हणे म्हणतात, पोरगं भित्रं आहे. त्याची भीती घालवायला काय करू?
– आप्पा"

आप्पा, राम राम.

भीती घालवायचं औषध मागितलंत, ते मी देणार नाही. पत्रातले दोन्ही प्रसंग नीट वाचले. भित्रं पोरगं मला त्यात कुठं सापडलं नाही. वीस वर्षांच्या पोरानं दोनदा 'आज नको' म्हटलं आणि दोन्ही वेळा ते वेळेत म्हटलं, एवढंच दिसलं. माझी उभी हयात शिकाऊ पायलटच्या शेजारच्या सीटवर गेली. लँडिंग शिकवता येतं, नकाशा शिकवता येतो, टॉवरशी बोलायचं इंग्रजी घोकून घेता येतं. समोर सगळे वाट बघत असताना परत फिरायला शिकवणं फार जड जातं. तुमच्या पोराला ते आलंय. ते मोडून काढायच्या मागं मात्र तुम्ही, पाव्हणे आणि ती स्कूल मिळून लागलेले दिसताय.

राग आला असेल तर येऊ दे, पण पुढं वाचा.

आधी मुंबईच्या विमानाचं बोलू, कारण घरात सगळे तेच उगाळत असणार. त्या विमानात दोन पायलट असतात. बाहेरचं काही न दिसता नुसत्या यंत्रांवर विमान चालवायची दोघांची परीक्षा झालेली असते आणि ती ठरावीक काळानं पुन्हा पुन्हा घेतली जाते. विमानाच्या नाकात हवामानाचा रडार असतो, पुढच्या ढगाच्या पोटात किती पाणी आहे ते पडद्यावर दिसतं. एवढं असूनही कोल्हापुरात हवा बिघडली की तेच विमान घिरट्या घालून परत जातं. पेपरात अशा बातम्या तुम्हीही वाचल्या असतील, आणि तेव्हा कॅप्टनला कुणी भित्रा म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

तुमचा मुलगा एका इंजिनाच्या छोट्या विमानात एकटा होता. त्याला डोळ्यांनी बघून उडायच्या नियमाखाली सोडलेलं असतं, त्याला व्हीएफआर म्हणतात. त्यात समोरचं निदान ५ किलोमीटर दिसलं पाहिजे, ढगापासून आडवं १५०० मीटर आणि उभं १००० फूट अंतर राखलं पाहिजे. म्हणजे ढगात शिरायचं की नाही हा त्याच्या हिमतीचा प्रश्नच नव्हता. नियमानं त्याला तिथं जाता येत नाही, आणि हा नियम कुणी कागद रंगवायला केलेला नाही.

१९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. यंत्रांवर उडायचा सराव नसलेले वीस पायलट घेतले आणि शेजारी शिक्षक बसवून त्यांना बाहेरचं दिसेनासं केलं. ढगात शिरल्यावर होतं तसंच. विसांपैकी वीस जणांच्या हातून विमान गेलं. एकोणीस जण गिरकी घेत, वेग वाढवत खाली निघाले. कुणाचं विसाव्या सेकंदाला गेलं, कुणी आठ मिनिटं तग धरला. सरासरी निघाली १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांनाही दोन सेकंद कमी. हे सगळे विमान चालवता येणारे लोक होते. कमी पडले ते त्यांचे कान. आपल्या कानाच्या आतल्या नळ्यांमध्ये जे पाणी असतं, त्याच्यावर शरीराचा तोल चालतो. विमान एका बाजूला हळू कलून तसंच वळत राहिलं, की थोड्या वेळात ते पाणी थांबतं आणि आपण सरळ चाललोय असं वाटायला लागतं. मग पायलट विमान खरोखर सरळ करतो, तर त्याला वाटतं आता उलटीकडं पडतोय. म्हणून तो परत पहिल्या बाजूला कलवतो. डोळ्यांना क्षितिज दिसत असेल तर ही फसवणूक चालत नाही. ढगात क्षितिज नसतं.

त्याच प्रयोगात पुढं त्या पायलटना यंत्रांकडं बघत विमान सावकाश १८० अंश वळवून आल्या वाटेनं बाहेर कसं पडायचं ते शिकवलं. प्रयोगाचा खरा हेतू तोच होता. मागं फिरणं ही तेव्हापासून रीतसर शिकवायची विद्या आहे. तुमचा मुलगा तर ढगात शिरायच्या आधीच फिरला. परीक्षक म्हणून मी ह्याला पैकीच्या पैकी दिले असते.

आणि वळीव कसा येतो हे तुम्हाला मी काय सांगायचं? मे महिन्यात सकाळी आभाळ निवळशंख असतं. दुपारी घाटाच्या बाजूला कापसासारखे गड्डे वर चढायला लागतात. तास-दीड तासात त्यांचं काळं होतं, वारा एकदम दिशा बदलतो, धूळ उठते, कुणाचा तरी पत्रा उडतो. जमिनीवर पत्रा उडवणारा तो वारा हवेतल्या हजार किलोच्या आतल्या विमानाला काय करत असेल? अशा गडगडाटी ढगापासून वीस सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर लांब राहावं असं सांगतात. मुंबईचं विमान तुमच्या पोराच्या वेळेआधी उतरलं होतं. तासाभरापूर्वी उतरलेलं विमान आत्ताच्या आभाळाची हमी देत नाही.

आता पोराला 'थोडं धाडस कर' म्हणणाऱ्या पाव्हण्यांसाठी. तुम्ही शिरोळचे. २०१९ चा महापूर पाहिलेले, २०२१ चाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे तुमच्याकडं शाळेतलं पोरही सांगतं. ४३ ची वाट बघत गोठ्यात जनावरं बांधून ठेवणारा कोण आहे तुमच्यात? ज्याचा गोठा खोलगट जागेत आहे तो तर ३५ लाच दावी सोडतो. सरकारी आकडा सगळ्यांसाठी एक, आपापला आकडा ज्यानं त्यानं ठरवायचा. पायलटचंही तसंच असतं. ५ किलोमीटर ही नियमाची रेघ झाली. साठ-सत्तर तासांच्या पोरानं आपली रेघ आठ-दहा किलोमीटरवर ओढावी, वाऱ्याचा आकडाही विमानाच्या मर्यादेपेक्षा कमी धरावा, आणि ही रेघ आदल्या रात्री वहीत लिहून ठेवावी. हवेत गेल्यावर ठरवायला बसलं की मन सौदा करायला लागतं. अजून पाच मिनिटं बघू, त्या टेकडीपर्यंत जाऊ, थोडं खाली उतरून ढगाखालून जाऊ. कराडकडून कोल्हापूरला येताना असं खालून यायचं म्हणजे मोबाईलचे टॉवर, हाय टेन्शनच्या तारा, उजव्या हाताला डोंगर. जोतिबा आणि पन्हाळा तीन हजार फुटांच्या घरात आहेत. ढग खाली आला की त्यांचे माथे सगळ्यात आधी झाकले जातात.

आता इंजिनाचं. स्कूलवाले 'चिकित्सा' म्हणतात म्हणून तुम्हीही तोच शब्द लिहिलात. तेव्हा विमानात नेमकं काय होतं ते बघा. अशा छोट्या विमानाच्या इंजिनाला ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो असतात, एकमेकांशी संबंध नसलेले. प्रत्येक सिलेंडरला दोन प्लग. एक मॅग्नेटो गेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालावं म्हणून ही सोय. धावपट्टीवर जायच्या आधी पायलट ब्रेक दाबून इंजिन वाढवतो. सेसना १५२ हे दोन सीटचं शिकाऊ विमान असेल तर मिनिटाला १७०० फेऱ्यांवर. मग किल्ली फिरवून एक मॅग्नेटो बंद करतो. काटा थोडा खाली येतो, येणारच. परत दोन्हीवर, मग दुसरा बंद. कुठल्याही एकावर १२५ पेक्षा जास्त फेऱ्या पडता कामा नयेत आणि दोघांतला फरक ५० च्या वर जाता कामा नये. काटा १८० नं पडला आणि इंजिन खडखडायला लागलं, तर बहुतेक वेळा प्लगवर काजळी बसलेली असते. हवेत मिसळणारं पेट्रोल कमी करून, म्हणजे मिश्रण पातळ करून, थोडा वेळ इंजिन पळवलं तर ती जळून जाते आणि आकडा सुधारतो. नाही सुधारला तर एकच रस्ता: परत हँगरला यायचं, रजिस्टरात लिहायचं, इंजिनिअरला दाखवायचं. ह्यात चिकित्सा कुठं आली? हे चेकलिस्टवर छापलेलं असतं.

असंच एक काम पहाटेचं. पंखाच्या टाकीखाली छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याला पारदर्शक नळकांडं लावून घोटभर पेट्रोल काढायचं आणि उजेडाकडं धरून बघायचं. विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं. पाणी आलेलं असेल तर तळाला बिनरंगी थेंब बसतो, निळ्याखाली स्वच्छ रेघ दिसते. पुन्हा काढायचं, रेघ जाईपर्यंत काढत राहायचं. घाईतल्या पोराची फसगत कुठं होते सांगतो. नळकांडं पूर्ण पाण्यानंच भरलं असेल तर रेघ दिसतच नाही. सगळं एकसारखं नितळ दिसतं, पोरगं 'साफ आहे' म्हणून पुढं जातं. म्हणून रेघ बघायची तसा रंगही बघायचा, आणि शंका आली तर वास घ्यायचा. रात्रभर पाऊस झालेला असेल, विमान उघड्यावर उभं असेल, तर हे काम सोडून चहाला जाणाऱ्या पोराला मी त्या दिवशी उडू दिलं नसतं.

कारण इंजिन जमिनीवर बंद पडलं तर ढकलून आणता येतं. उड्डाणानंतर चारशे फुटांवर बंद पडलं तर पायलटकडं काही सेकंद असतात. मागं वळून धावपट्टी गाठायचा मोह होतो आणि त्या वळणात जीव जातात. समोरच, थोडं डावी-उजवीकडं बघून, मिळेल त्या मोकळ्या रानात उतरायचं असं शिकवतात. आपल्याकडच्या नदीकाठी समोर बहुधा ऊस उभा असतो, दोन पुरुष उंच. तो वरून मऊ गालिचा दिसतो, पण दिसण्यावर जाऊ नये. तुटून गेलेल्या फडाचं रान बरं.

तर तो विमान नाकारून आला. आणि पुढच्याच आठवड्यात तुम्ही तीन गाड्या भरून उजळाईवाडीला गेलात.

हार-पेढे न्यावेत असंच कौतुक आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याला ते आधी कळवलं होतंत ना? आजी येणार, मामा येणार, गावातली पोरं व्हिडिओ काढणार. कराडवर समोर ढग बघताना हे सगळं त्या पोराच्या शेजारी बसलेलं होतं. 'पोचायचंच' ह्या एका हट्टानं जगभरात अनुभवी पायलट मेलेत. कुणाला लग्न गाठायचं होतं, कुणाला मीटिंग, कुणाला घरी जेवायला पोचायचं होतं. स्वतःचं विमान असणाऱ्या हौशी पायलटांना हा रोग जास्त, कारण त्यांना थांबवणारं वर कुणी नसतं. तुमच्या पोराला तीन गाड्या खाली उभ्या असल्याचं माहीत होतं आणि तरी तो फिरला. मला विचाराल तर त्या दिवशी अख्ख्या घरात डोकं ठिकाणावर असलेला तो एकटाच होता.

म्हणून पुढच्या वेळी तो कुठं, कधी उतरणार हे विचारूच नका. उतरून, विमान बांधून, कागद भरून तो फोन करील. तेव्हा पेढे वाटा, सगळ्या गल्लीला वाटा.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, तरी सांगून ठेवतो, कारण घराघरांत ती होतेच. 'एकदा आपल्या शेतावरून खालनं फेरी मार की.' कृपा करून हे कुणी म्हणू नका, थट्टेतही नको. वस्तीवरून जाताना आसपासच्या सगळ्यात उंच वस्तूच्या वर १००० फूट राखायचे असतात, मोकळ्या रानातही ५०० फुटांच्या खाली यायचं नाही. शेतातल्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसले तर दिसतात. आणि खरा घात वळणात होतो. खाली हात हलवणारी माणसं डोळ्यांआड जाऊ नयेत म्हणून पायलट विमान जास्त कलवतो. विमान जितकं कलतं तितका हवेत टिकायला जास्त वेग लागतो. ६० अंश कलवलं तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि ज्या वेगाखाली पंखांचा आधार तुटून विमान हवेतून सुटतं, म्हणजे पडायला लागतं, तो वेग ४१ टक्क्यांनी चढतो. समजा सरळ उडताना ४५ नॉटला, म्हणजे ताशी ४५ सागरी मैलांना, सुटणारं विमान असेल, तर ह्या वळणात ते ६३-६४ नॉटलाच सुटतं. तीनशे फुटांवर ते सावरायला जागा नसते. धावपट्टीसाठी शेवटचं वळण घेताना रेषा चुकली म्हणून विमान जोरात आत ओढणाऱ्यांचंही हेच होतं. रेषा चुकली की वर जावं, पुन्हा फेरी मारून यावं. ह्याला गो-अराउंड म्हणतात. त्याला पैसे जादा लागतात, दोष लागत नाही.

हा पुढचा परिच्छेद पोराला वाचायला द्या, तुम्ही सोडून दिलात तरी चालेल. बाळा, उजळाईवाडीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर आहे. त्या उंचीचं प्रमाण तापमान ११ अंश. मेच्या दुपारी तिथं ३८ असलं तर २७ अंश जास्त झाले, अंशामागं १२० फूट धर, ३२४० झाले. म्हणजे तुझं विमान ५२०० फुटांवरच्या विरळ हवेत असल्यासारखं वागणार. धावपट्टी लांब आहे म्हणून निवांत राहू नकोस. उचलायला लागणारं अंतर वाढेल ते वाढेल, पण वर चढायचा वेग फार मंदावेल, आणि उतरताना काट्यावर नेहमीचाच वेग असला तरी जमीन जास्त भरभर पळताना दिसेल. ते बघून वेग कमी करू नकोस, काट्यावर विश्वास ठेव. पावसाळ्यानंतरच्या दमट हवेत थ्रॉटलला हात न लावता फेऱ्या हळूहळू उतरायला लागल्या, तर कार्बुरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळते तिथं, बर्फ धरतोय असं समज. बाहेर उकडत असलं तरी धरतो. त्यात गरम हवा सोडणारी कार्ब हीट पूर्ण ओढ. आधी इंजिन आणखी खडखडेल, बर्फ वितळून पाणी आत जातं म्हणून. तेव्हा घाबरून परत ढकलू नकोस, तसंच राहू दे.

आप्पा, आता तुमच्याकडून काय हवंय ते. पोराला रोज फोन करता का? करा. पण 'किती तास झाले?' हा पहिला प्रश्न नको. कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात हे त्याला तुमच्यापेक्षा नीट माहीत आहे. आज काय बघितलं, जेवलास का, झोप झाली का, हे विचारा. सकाळी उड्डाण असेल तर त्याआधी फोनच नको. बँकेचं पत्र, भावकीचं भांडण, आजीचं दुखणं हे सगळं संध्याकाळी सांगता येतं. पायलटनं विमानाकडं जाण्याआधी स्वतःला तपासायचं असतं: आजार, औषध, ताण, दारू, थकवा, आणि डोक्यात काही घोळतंय का. ह्यातल्या निम्म्या गोष्टी घरून पाठवल्या जातात.

औषधाचं तर फारच सोपं समजतात लोक. सर्दी झाली, आईनं फोनवर गोळीचं नाव सांगितलं, पोरानं घेतली. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांनी गुंगी येते. आणि गोळी न घेता नाक चोंदलेलं असताना वर गेला, तर खाली उतरताना कानात अशी कळ येते की धावपट्टी सुचत नाही. सर्दी आहे तर त्या दिवशी जमिनीवर. यात्रेला बोलावलंत तर दोन दिवसांची सुटी काढून बोलवा. रात्रीच्या गाडीनं येऊन, रस्सा ओरपून, पुन्हा रात्रीच्या गाडीनं सकाळच्या फ्लाइटला जाणं चालणार नाही. आणि यात्रेत कुणी ग्लास पुढं केला तर उड्डाणाआधी १२ तास दारू बंद हा आपल्याकडचा नियम आहे. तो किमान आहे, मुक्काम वाढवला तर आणखी बरं.

पैशाचं दुखणं खरं आहे, ते मी हसण्यावारी नेत नाही. पण हिशेब नीट करा. परत फिरलेल्या फेरीत तो जेवढा उडाला तेवढे तास त्याच्या लॉगबुकात चढलेच. ठरलेल्या ठिकाणचं लँडिंग तेवढं पुन्हा करावं लागेल. पावसाळ्यात आपल्याकडं शिकाऊ उड्डाणं मंदावतात, हिवाळ्यात सकाळचं धुकं आणि पाला पेटवल्याचा धूर असतो. तेव्हा अमुक महिन्यात कोर्स संपणारच असं गृहीत धरून हप्ते बांधले असतील, तर आत्ताच बँकेत जाऊन मुदत वाढवून मिळते का ते विचारा. हवामानासाठी थोडी रक्कम बाजूला धरून ठेवा. आणि ह्या बैठकीला पोराला नेऊ नका.

राहिली ती स्कूल. तिथं भांडायला जाऊ नका, पण जा. ऑफिसात बसलेल्या मॅनेजरला भेटून उपयोग नाही, चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरला भेटा. २०२३ च्या ऑक्टोबरात बारामतीजवळ चार दिवसांच्या आत दोन शिकाऊ विमानं पडली, तेव्हापासून कुठल्याही पालकानं विचारलं तर नवल वाटू नये. हवा बघून आज सोडायचं की नाही हे कोण ठरवतं, ते विचारा. मग विचारा, माझ्या मुलानं नाकारलेलं ते विमान त्यानंतर कधी उडालं, आणि उडायच्या आधी त्याच्यावर काय काम झालं? प्लग साफ केले असतील, मॅग्नेटो बदलला असेल, किंवा तपासून काही निघालं नसेल. काहीही असो, तारीख आणि इंजिनिअरच्या सहीसकट त्याची नोंद असायला हवी. ती दाखवली, तर स्कूल ठीक चाललीय असं समजून परत या आणि 'चिकित्सा' हा शब्द विसरून जा. नोंदच नाही, आणि दुसऱ्या पोराला त्याच दिवशी तेच विमान देऊन पाठवलं असं कळलं, तर मात्र गप्प बसायचं नाही. आपल्याकडं डीजीसीएला, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला, स्वतःहून धोका कळवायची सोय आहे. तिथं कुणाला शिक्षा व्हावी म्हणून कळवत नाहीत, पुढचा अपघात टळावा म्हणून कळवतात. आपलं नाव पुढं येईल अशी पोराला भीती वाटेल. कागद कसा लिहायचा, काय घालायचं, काय वगळायचं, ते मला विचारा. आपण बसून लिहू.